दुसऱ्यातला र

कबूल करायचं ते आधीच करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडणार नाही. त्या सात ओळी मीच काढल्या. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या, त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्यांच्यामुळे काही अडलंही नव्हतं. मला त्या बघवत नव्हत्या, एवढंच कारण. आणि काढल्यावर घरातला केर काढल्यासारखं जे बरं वाटलं होतं, त्याचीच आता जास्त लाज वाटते.

मी कळंबचा. नालासोपारा पश्चिमेला उतरायचं, बस पकडायची, सोपारा गाव आणि निर्मळ मागे पडलं तरी उठायचं नाही, समुद्राचा वास आला की उतरायचं. रविवारी मुंबईची माणसं इथे येतात, घोडागाडीत बसतात, सुरूच्या सावलीत डबे उघडतात. बाकीचे दिवस आम्ही मुंबईला जातो. मीही जातो आणि एका कचेरीत पगारासाठी कोड लिहितो. तिथे जुना कोड कुणी वाचत बसत नाही. ज्याने लिहिला तो नोकरी सोडून गेलेला असतो, आणि 'हे सगळं नव्याने लिहू या' म्हणणाऱ्याला मीटिंगमध्ये हुशार समजतात. मी बरीच वर्षं हुशार होतो.

आमच्या पंचक्रोशीत एक वाचनालय आहे. तिथल्या पुस्तकांची यादी संगणकावर घालायचं काम मी अंगावर घेतलं. पैसे द्यायची त्यांची ऐपत नव्हती आणि घ्यायची माझी इच्छा नव्हती, म्हणून एक ओपन सोर्स प्रोग्रॅम शोधला. युरोपातल्या एका शाळामास्तरने तो स्वतःच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी लिहायला घेतला होता. पुढे चार देशांतली रिकामटेकडी माणसं (हा शब्द मी आदराने वापरतोय) त्यात भर घालत गेली. प्रोग्रॅमचं नाव मुद्दाम सांगत नाही. चूक माझी, नाव त्याचं का खराब करू?

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. 'पुणे' शोधलं तर ज्या पुस्तकाच्या नावात 'पण' आहे ते समोर येई. 'कळंब' शोधलं तर यादीत 'कळब'. प्रोग्रॅम अक्षरं खातोय हे उघड होतं, पण काही खात होता आणि काही सोडत होता. काना शाबूत, वेलांटी शाबूत. उकार गायब, मात्रा गायब, अनुस्वार गायब.

परका कोड कसा वाचायचा हे मला इथे शिकावं लागलं. मी आधी पोथी लावल्यासारखा पहिल्या फायलीपासून वाचायला बसलो होतो. तीस हजारांच्या आसपास ओळी. लोकलमध्ये मोबाइलवर वाचत होतो; बोरिवलीच्या अलीकडेच डोळा लागला. तसं वाचायचं नसतं. डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी एक गोष्ट धरायची, म्हणजे पडद्यावर येणारं एखादं वाक्य किंवा एखाद्या बटणाचं नाव, आणि ती अख्ख्या कोडमध्ये कुठे आहे ते शोधायचं. ती सापडली की तिथून एक पायरी मागे: हिला कोण बोलावतं? मग आणखी एक पायरी मागे. वाटेत प्रत्येक दारावर एक ओळ टाकायची, 'इथे आत आलेला शब्द असा आहे' एवढंच छापणारी. ब्रेकपॉइंट वगैरे साधनं आहेत, मीही वापरतो, पण परक्या घरात दिवा लावत जायचा हा जुना प्रकार अजून सगळ्यात खात्रीचा.

आमच्या शेजारी सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो १८८२ मध्ये. तो लेख वाचता आला, कारण त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली होती. तोही पहिल्या अक्षरापासून वाचायला बसला नव्हता. सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या नजरेत भरलं. स्तूपाला लोक काय देतात? दान. मग ही अक्षरं 'दानं' असणार. एवढा एक धागा हाताला लागला आणि बाकीची लिपी सुटत गेली.

मला धागा मिळाला तो 'पण' मध्ये. छापत छापत मागे गेलो तर एका फंक्शनवर येऊन थांबलो. आत 'पुणे', बाहेर 'पण'. फ्रेंच लिहिणाऱ्या कुणाच्या तरी सोयीसाठी ते लिहिलेलं होतं. फ्रेंचमध्ये अक्षरांवर टिंबं, तिरक्या रेघा असतात. लोक शोधताना त्या टाकत नाहीत, म्हणून प्रोग्रॅम शोधायच्या आधीच त्या पुसून टाकत होता. युनिकोडच्या हिशोबात आपला उकार, मात्रा, अनुस्वार त्याच वर्गात बसतात, स्वतःची जागा न घेणारी चिन्हं म्हणून. काना आणि वेलांटी जागा घेतात, त्यांचा वर्ग वेगळा. फ्रेंच माणसाने देवनागरीचा विचार केला नव्हता, करायचं त्याला कारणही नव्हतं. 'हे फक्त रोमन अक्षरांना लाव' अशी अट मी दोन ओळींत घातली. मास्तरने त्याच रात्री ती आत घेतली आणि भरभरून आभार मानले.

इथेच माझं डोकं फिरलं. दोन ओळींनी एका भाषेचा शोध चालू झाला होता. त्यानंतर मी त्या कोडकडे पाहुणा म्हणून बघेनासा झालो. हे कशाला ठेवलंय, ते कुणी लिहिलंय, असं चाललं माझं. त्या भरात या सात ओळी समोर आल्या.

दिसायला खरंच वाईट होत्या. मजकुरात र, त्यापुढे हलन्त, त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह आलं, तर ते काढून दुसरंच काहीतरी ठेवायचं, असं काहीसं होतं. व्हेरिएबलचं नाव रोमन लिपीत 'पापणी'. मला वाटलं, 'पाणी' लिहिताना कुणाचं बोट घसरलं असेल. शेरा नाही, खुलासा नाही, टेस्ट नाही. आणि लगेच खाली दुसरं, नीटनेटकं फंक्शन होतं, जे सगळी न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकत होतं. मग वरचा हा उपद्व्याप कशाला? मी ओळी काढल्या, 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'किनाऱ्यावर' असे शब्द टंकून बघितले, सगळं बरोबर. बदलाला नाव दिलं 'साफसफाई'. मास्तरने तेही घेतलं.

पुढचं सगळं घडायला सात-आठ महिने गेले. वाचनालयात नवी आवृत्ती बसवली आणि एका शनिवारी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अरे, दर्यावरची पुस्तकं शोधली तर दऱ्याखोऱ्यांची येतायत. आणि सोपाऱ्याच्या स्तूपावरची ती पुस्तिका यादीतून गेलीच की रे."

मी म्हटलं, "त्या लोकांनी नव्या आवृत्तीत काहीतरी बिघडवलंय. बघतो मी."

त्या लोकांनी. हा शब्द मला नेमका आठवतो.

जुनी आवृत्ती चांगली होती, नवी बिघडलेली, मध्ये सातशेच्या आसपास बदल. प्रत्येक तपासायचा नसतो. शब्दकोशात शब्द शोधताना मधलं पान उघडतो तसा मधला बदल उघडायचा. तिथे चांगलं असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, बिघडलेलं असेल तर मागच्या अर्ध्यात. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये त्यासाठी बायसेक्ट नावाची सोय आहे, सातशे बदलांना दहा फेऱ्या पुरतात. मी घरी ओटीवर बसून करत होतो. प्रत्येक फेरीला प्रोग्रॅम बांधायचा, वाचनालयाची यादी आत घालायची, 'दर्या' टंकायचं, किती पुस्तकं येतात ते मोजायचं. एका फेरीला दहा-बारा मिनिटं. मध्ये जेवण झालं. नवव्या फेरीला तीनच बदल उरले होते आणि त्यांत मला ओळखीचं काही दिसलं नाही, कारण बदलाच्या नावाआधी गिट आकडे-अक्षरांची रांग दाखवतं आणि माझी नजर तिथेच अडकत होती. दहाव्या फेरीनंतर पडद्यावर आलं: पहिला बिघडलेला बदल. खाली बदलाचं नाव, 'साफसफाई'. त्याच्या वर कर्त्याचं नाव, माझं.

बाहेर समुद्राचा आवाज येत होता. मी लॅपटॉप मिटला आणि उघडला. नाव तेच होतं.

आता मी जे ओळी काढण्याआधीच करायला हवं होतं ते केलं. त्या सात ओळी मुळात कुणी आणि कधी घातल्या ते गिटला विचारलं. त्याला लागतं एक मिनिट. सोलापूरकडच्या एका बाईंनी घातल्या होत्या, माझ्या कितीतरी आधी. आणि बदलासोबत त्यांनी चक्क मराठीत लिहून ठेवलं होतं की 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' हे शब्द शोधून सापडत नाहीत, म्हणून ही दुरुस्ती. म्हणजे ओळींचा खुलासा होता. कोडमध्ये नव्हता, इतिहासात होता. मी इतिहास उघडलाच नव्हता.

त्यांचा नंबर मिळवून फोन केला. माफी मागायला केला होता, पण सुरुवात झाली ती माझ्या तोंडून निघालेल्या, जगातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरच्या आवडत्या वाक्याने: "ताई, माझ्याकडे तर बरोबर चालत होतं."

"चालणारच," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमच्याच हाताने टंकून बघितलंत ना? कळफलक कुठला तुमचा?"

"इनस्क्रिप्ट."

"हां. मग 'जे'चं बटण शिफ्टबरोबर दाबलं की ऱ आयता येतो तुम्हाला. सगळ्यांना नाही येत तो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मराठी लिहिणाऱ्या माणसाला खरं तर शाळेतच माहीत असायला हवं. 'सूर्या' मधला र रफार होऊन डोक्यावर बसतो. 'सुऱ्या' मधला र आडवा, य ला चिकटून राहतो, डोळ्याच्या पापणीसारखा. म्हणून 'पापणी'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्याकडे या र चा खिळाच निराळा होता, रफाराच्या कप्प्यात हात घातला की ओरडा बसे. संगणकावर मात्र तो लिहायच्या दोन रीती झाल्या. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकाचं, आणि त्याला हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह, जे डोळ्याला दिसतच नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. काही कळफलक पहिली रीत वापरतात, काही दुसरी. टंकणाऱ्याला आपण कुठली वापरतोय याचा पत्ता नसतो.

त्यांच्या सात ओळी दुसऱ्या रीतीच्या र ला पहिल्या रीतीत बदलत होत्या. कधी? तर खालचं ते नीटनेटकं फंक्शन सगळी न दिसणारी चिन्हं पुसून टाकायच्या आत. मी ओळी काढल्या. मग त्या फंक्शनने जोडचिन्ह पुसलं, र चा रफार झाला, दऱ्यांचा दर्या झाला. मी इनस्क्रिप्टवर टंकून खात्री करत होतो, त्यात पुसायला काही नव्हतंच. वाचनालयाची निम्मी यादी मात्र कॉलेजच्या मुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या कळफलकांवर टंकली होती.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. मास्तरला देवनागरी वाचता येत नाही. एका मराठी बाईने सात ओळी दिल्या तेव्हा त्याने विश्वासाने घेतल्या. पुढे एका मराठी माणसाने त्या काढल्या तेव्हाही विश्वासानेच घेतल्या. त्या ओळी कशासाठी आहेत हे त्या सबंध गोतावळ्यात ताईंखेरीज ज्याला कळू शकत होतं असा एक मीच होतो.

या धंद्यात माझ्यासारखे पुष्कळ आहेत हे काही समाधान नाही, पण एक मोठं उदाहरण आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स यंत्रणेच्या एका स्वयंसेवकाने, इंटरनेटवरची गुप्तता सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलमधलं असंच काहीतरी काढलं. व्हॅलग्रिंड नावाचं तपासनीस साधन कुरकुर करत होतं की इथे कोऱ्या, न भरलेल्या मेमरीतला मजकूर वापरला जातोय. काढणाऱ्याने आधी विचारलंही होतं, म्हणजे माझ्यापेक्षा तो बरा. पण त्या ओळींतूनच गुप्त किल्ल्या बनवायला लागणारी, अंदाज न बांधता येणारी सामग्री आत जात होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. या यंत्रणेवर बनलेल्या किल्ल्या मोजून काढता येतील एवढ्याच झाल्या, आणि ते उघडकीला आलं मे २००८ मध्ये. दरम्यान सगळं 'बरोबर चालत होतं'.

आणि त्याच व्हॅलग्रिंडची कुरकुर २०२४ मध्ये दुसऱ्या एकाने मनावर घेतली तेव्हा उलटं झालं. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. आधी व्हॅलग्रिंडने काही विचित्र तक्रारी केल्याचंही आठवलं. माग काढत गेला तर एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला सापडला. तो बसवणाऱ्याने दोनेक वर्षं निमूट, उपयोगी काम करून थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. ही बातमी वाचली त्या दिवशी मला आमच्या मास्तरची आठवण झाली. माझा हेतू वाईट नव्हता, हे त्याला कुठून कळणार होतं?

माझ्या वडिलांना हे सगळं मी एका संध्याकाळी सांगितलं. सांगताना मला एक सुंदर उपमा सुचली होती. वसईतल्या वाड्यांमधली बावखलं. जुन्या माणसांनी खोदली, पावसाचं पाणी साठवलं, रहाट लावून केळी-पानवेली भिजवल्या, विहिरी गोड्या ठेवल्या. नव्या माणसांना त्यांचं कारण कळेना, भराव घालून बुजवली. आता पावसात रस्ते तुंबतात. मी म्हटलं, "बाबा, मी बावखल बुजवलं."

बाबा हसले. म्हणाले, "कारण कळेना असं कोण म्हणालं तुला? बुजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं बावखल कशाला असतं ते. जागेला भाव आला म्हणून बुजवली. तुला कुणी पैसे दिले होते का?"

उपमा तिथेच मेली.

ओळी परत घातल्या. मास्तर एका शब्दानेही रागावला नाही. फक्त म्हणाला, आता दोघं मिळून एक टेस्ट लिहा, म्हणजे तिसरा कुणी आला तर यंत्रच त्याला अडवेल. ताईंनी शब्द सांगितले आणि मी टंकले, दोन्ही रीतींनी: दऱ्या, दर्या, फेऱ्या, आचाऱ्यांना, आचार्यांना, शेतकऱ्यांचे, सोपाऱ्याहून. मी हट्टाने 'कळंब' घातलं, त्याचा या र शी काहीही संबंध नसताना. ताईंनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, असू द्या, त्याच्यामागे एक जुनी गोष्ट आहे. मग त्यांच्या सांगण्यावरून ती गोष्ट टेस्टच्या वर दोन ओळींत लिहून ठेवली.

सुधारलो असं म्हणणार नाही. गेल्याच महिन्यात मी त्याच कोडमधल्या चाळीस ओळी काढल्या. बंद पडलेल्या एका प्रिंटरसाठी होत्या. इतिहास वाचला, लिहिणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, बाबा रे, अजून आहेत का त्या? काढ की. निरुपयोगी कोड जगात आहेच, आणि तो काढताना मला अजूनही तेच केर काढल्याचं सुख होतं. फक्त आता आधी चार दिवस जातात, आणि कचेरीत माझी हुशार ही ख्याती थोडी उतरली आहे. 'हा फार प्रश्न विचारतो' असं नवा मॅनेजर म्हणाल्याचं कानावर आलं.

दुरुस्त आवृत्ती वाचनालयात बसवली त्या शनिवारी ग्रंथपाल बाईंनी स्वतः 'दर्या' टंकून बघितलं. कोळ्यांवरचं, बंदरांवरचं, होड्यांवरचं सगळं नीट रांगेत आलं. सोपाऱ्याची पुस्तिकाही परत आली होती. आणि त्या रांगेच्या तळाशी एक पुस्तक सह्याद्रीच्या भटकंतीचं.

मी आत शिरून बघितलं. न दिसणारं चिन्ह कुठेही नव्हतं. साधा र, हलन्त, य. प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता, शब्द टंकलेलाच तसा होता. बाईंनी कपाटातून जुनं दाखलपुस्तक काढलं. पान पिवळं पडलेलं, शाई तपकिरी झालेली, अक्षर वळणदार. तिथेही 'दर्या'च, रफार देऊन, ठसठशीत.

मी कीबोर्ड जवळ ओढला. मग हात काढून घेतला आणि विचारलं, "बाई, हे अक्षर कुणाचं?"